काळी तार

आमच्या घराण्यात ‘सुहासचं पानिपत’ असं म्हणायची पद्धत आहे. कुणाचा पेपर बिघडला, कुणी लग्नघरात पाक जाळला, कुणी घाईत भलत्याच गाडीत जाऊन बसलं, की कुणीतरी म्हणतंच, “झालं, सुहासचं पानिपत!” आणि सगळे हसतात. ज्या मुलांनी सुहासला कधी पाहिलेलं नाही तीही हसतात. इतकी वर्षं मीही हसत आलो. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघे होतो. त्यांतले एक आता नाहीत. सुहासला अर्धीच गोष्ट माहीत होती. पूर्ण गोष्ट एकट्या मला माहीत होती, आणि हसणाऱ्यांत माझा आवाज कमी नव्हता.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा केंद्र सरकारात, मी जन्मलो वाढलो तिथेच. सकाळी सगळ्या मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, आणि कुठल्या घरची शिट्टी कुठली हे झोपेतही कळायचं. थंडीत आई गच्चीवर उन्हाला पाठ करून बसायची, पुढ्यात मटारचा ढीग. सोललेल्यातले निम्मे दाणे आमच्या पोटात जायचे, उरलेल्यांची उसळ. शेजाऱ्यांशी ती फाडफाड हिंदी बोलायची, पण दाराच्या आत पाऊल टाकलं की हिंदी बंद. बाबांचा नियमच होता तो. “बाहेर काय वाटेल ते बोला. उंबऱ्याच्या आत मराठी.” माझ्या तोंडून ‘अच्छा’ निघालं तरी ते पेपर खाली करून माझ्याकडे बघायचे, आणि मी ‘बरं’ म्हणायचो.

तरीही माझी मराठी घरातल्या घरात शिकलेली, म्हणजे जेवणाखाणाची आणि बोलणी खाण्याची. शाळेत असताना पुण्याहून आलेल्या एका काकांनी विचारलं, “काय रे, हल्ली काय चाललंय?” मी ऐटीत म्हणालो, “चांगल्या शाळेत शिक्षा घेतोय.” काका खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण हसायची संधी कोण सोडतो? बाबांना ते इतकं लागलं की त्यांनी स्वतःच त्याचा विनोद करून टाकला. महाराष्ट्रातून कुणीही पाहुणा आला, पानावर बसला, की वरणभात संपायच्या आत बाबा म्हणायचे, “हा आमचा नंदू. शिक्षा घेतोय.” मी कॉलेजात गेलो, पदवीधर झालो, सव्वीस वर्षांचा झालो तरी नोकरी नव्हती, आणि विनोद चालूच होता. शेवटी शेवटी तर त्यात अर्थही भरला होता.

अशा घरात सुहास आला. माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, इंजिनीअर. त्याला मी दादा म्हणायचो. गुडगावला तेव्हा मोहरीच्या शेतांत उंच इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, आणि मधल्या कच्च्या रस्त्यांवर नवे नवे कारखाने निघत होते. त्यातल्या एका छोट्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथे गाड्यांचे कार्ब्युरेटर बनायचे. पुण्याहून तो एक ट्रंक आणि आईसाठी मेतकुटाचा डबा घेऊन आला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपू लागला. आईला दुसऱ्याच दिवसापासून तो आवडायला लागला, कारण तो ताटातलं काही टाकत नसे आणि “मामी, उसळीत गूळ आहे, म्हणजे घरी आल्यासारखं वाटलं” असं म्हणत असे. बाबांना तो आवडायचा कारण तो शुद्ध मराठी बोलायचा. मला तो आवडायचा कारण एवढं सगळं असूनही त्याने ‘शिक्षा’चा विनोद एकदाही केला नाही.

तो अजून कच्चा होता, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती. सगळं एका कामावर अडलं होतं. त्याच्या कारखान्याचे मालक, खुराणासाहेब, एका मोठ्या गाडी कंपनीकडून कार्ब्युरेटरचं काम मिळवायच्या खटपटीत होते. त्यांना दाखवायचं होतं की आपल्या कार्ब्युरेटरवर गाडी कमी पेट्रोलमध्ये तेवढीच पळते. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळावं लागतं, आणि ते काम कार्ब्युरेटरचं. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी झालं तर ‘लीन’. साहेबांना ते होईल तितकं लीन हवं होतं, पण फार लीन झालं तर इंजिन आतून तापतं आणि जळतं. सुहासने हे एकदा जेवताना समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “लीन झाली म्हणजे चांगलंच की. जरा नम्र झाली गाडी.” सुहास इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, “मामी, हे जमलं तर मी पक्का. मग आईला इकडे आणतो. नाहीतर ट्रंक उचलायची आणि पुणे.” आत्या तेव्हा एकटीच होती. हे वाक्य तो हसत बोलला, पण भाकरी मोडता मोडता थांबला होता.

साहेबांनी परदेशातून एक गेज मागवलं होतं. घड्याळाएवढी गोल तबकडी, सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या सेन्सरला जोडलेली. एक भाग पेट्रोलला किती भाग हवा हे सुई दाखवायची; आकडा मोठा म्हणजे लीन, लहान म्हणजे रिच. पण सुई सारखी थरथरायची, आणि साहेबांना ग्राहकापुढे कागद ठेवायचा होता. म्हणून एक लॅपटॉपही आणला होता, पाटीएवढा जाड, आणि त्याला जोडायचा एक लहान डबा. गेजमधून निघणारा विजेचा दाब डब्याने मोजायचा आणि लॅपटॉपने दर क्षणाचा आकडा लिहून ठेवायचा. लॅपटॉप आमच्या कॉलनीत कुणी पाहिलेला नव्हता. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवला होता.

एका शनिवारी दुपारी सुहास कारखान्याची गाडी घेऊन घरी आला आणि क्वार्टरच्या मागच्या गल्लीत आम्ही जोडणीला बसलो. मला तारांची, सोल्डरचे डाग द्यायची हौस होती, लहानपणी रेडिओचे संच जुळवले होते. डॅशबोर्डाचं झाकण काढून सुहास पायांच्या जागेत उताणा शिरला होता, मी सीटवरून तारा पुढे करत होतो. डब्यातून दोन तारा निघत होत्या, पांढरी आणि काळी. तेवढ्यात बाबांनी खिडकीतून हाक मारली, “सुहास, पुण्याचा फोन! ताईचा आहे, लवकर!” एसटीडीचा फोन म्हणजे धावायचंच. तो कसाबसा बाहेर आला, हात पँटला पुसले आणि पळता पळता म्हणाला, “नंद्या, तेवढं कर. पांढरी गेजला जोड. काळी खाली सोड.”

मी पांढरी गेजला जोडली. काळीच्या टोकाला टेप गुंडाळली, व्यवस्थित वेटोळं केलं, तारांच्या झुबक्यात खोचलं आणि झाकण लावून टाकलं.

हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मी काय केलं ते लगेच कळणार नाही. सुहास म्हणाला होता, काळी तार खाली सोड, पायांच्या जागेपर्यंत उतरव. तिथे गेजचा अर्थचा, म्हणजे वीज परत जायच्या वाटेचा, बोल्ट होता; त्याला ती मी आवळेन असं त्याने धरलं होतं. पण मी दिल्लीचा. टाकी खाली, सीट खाली, मकान खाली. माझ्या कानात ‘खाली’ म्हणजे रिकामं. काळी खाली सोड, म्हणजे काळी मोकळी ठेव, कुठे जोडू नकोस. मला शंकासुद्धा आली नाही. उलट मनात म्हटलं, बरोबरच आहे, डब्याला अर्थ लॅपटॉपकडून मिळतोच आहे, दोन ठिकाणी दिला तर घोटाळा होतो असं कुठेतरी वाचलंय. अर्धवट माहितीने चूक पक्की करून टाकली. सुहास परत आला, लॅपटॉप चालू केला, पडद्यावर आकडे धावू लागले. “झालं?” त्याने विचारलं. “झालं,” मी म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

रविवारी आम्ही गुडगावच्या मोकळ्या रस्त्यांवर गाडी पळवली. त्याने आधी कागदावर गणित करून जेट काढला होता. जेट म्हणजे पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक. त्याच्या हिशेबाने तो नेमका बसायला हवा होता. पण लॅपटॉप म्हणे मिश्रण अजून रिच आहे. तो बॉनेटला टेकला. “माझ्या हिशेबाने एवढं पुरे होतं रे,” तो म्हणाला. मी म्हटलं, “दादा, पर कम्प्यूटर तो… म्हणजे, लॅपटॉप चुकेल का?” त्याने डोकं खाजवलं. “खरंय. यंत्रापुढे आपण कोण?” आणि त्याने त्याहून बारीक जेट बसवला. शिवाय चालत्या गाडीत मिश्रण थोडं इकडेतिकडे करता यावं म्हणून डॅशबोर्डाखाली एक नॉब लावला. आता पडद्यावर हवा तसा पंधराचा आकडा दिसू लागला. सुईकडे आम्ही बघायचं सोडून दिलं होतं. ती थरथरतेच, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

साहेबांनी फेरी ठरवली ती पानिपतची. जाऊन यायचं, वाटेत मुरथलला पराठे खायचे. बाबा म्हणाले, “मराठी माणसाने दुसरीकडे कुठे जावं रे. बरं, जा. पण पानिपत करून येऊ नका.” आईने थालीपीठं बांधून दिली. उजाडल्यावर निघालो. सुहास चालवत होता, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, साहेब मागच्या सीटवर शाल गुंडाळून. मुरथलपर्यंत सगळं झकास. साहेबांनी लोण्याचे गोळे घालून पराठे खाल्ले, “खाओ जी, मराठा खाता नहीं तो लड़ता कैसे है” म्हणून सुहासला कोपरखळ्या मारल्या. सुहासने अर्धा पराठा चहाबरोबर कसातरी गिळला. मी त्याचा उरलेला खाल्ला.

मुरथल सोडलं आणि धुकं उतरलं. दिल्लीत राहूनही मी असं धुकं पाहिलं नव्हतं. बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. पुढच्या ट्रकचा लाल दिवा एकदम हातभरावर येऊन उभा राहायचा. काचेवर आतून बाष्प धरायला लागलं. सुहासने हेडलाइट लावले, पंखा चालू केला, आणि माझ्या मांडीवरचा आकडा पंधरावरून चौदावर आला.

साहेब पुढे वाकून पडद्यात बघत होते. “ओए, ये तो रिच हो गया! और काट, सुहास, और काट!”

समोरून काहीतरी येत होतं. सुहासने डिपर मारला, म्हणजे दिवे क्षणभर प्रखर केले. आकडा बुडाला. डिपर सोडला, आकडा वर आला. पुन्हा डिपर, पुन्हा बुडाला. मी बघत राहिलो. पेट्रोलला दिव्यांशी काय देणंघेणं? आणि मग ते माझ्या डोक्यात उतरलं, अगदी सावकाश, जसा गार पाण्याचा तांब्या कुणी मानेवर ओतावा. दिव्यांची वीज ज्या वाटेने परत जात होती, त्याच वाटेवर आमचा डबा उभा होता, कारण त्याला स्वतःची वाट नव्हती. लॅपटॉप गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेतल्या विजेवर चालत होता, त्याचा भार त्या वाटेवर सतत होताच, आणि दिवे लागले की आकडा आणखी खोटा कमी दिसायचा. डब्याची स्वतःची वाट म्हणजे काळी तार. काळी खाली सोड. खाली. मला आईचा आवाज आठवला, “नंदू, गच्चीवरून खाली ये.” मला लहानपणापासून दोन्ही अर्थ माहीत होते. त्या शनिवारी कानाने चुकीचा निवडला होता.

मी सुईकडे पाहिलं. ती सोळाच्या पुढे होती. तीच खरी होती, पहिल्यापासून.

सुहासनेही तेव्हाच सुईकडे पाहिलं असावं. तो समोर डोळे ताणून बघत होता, दोन्ही हातांनी चाक आवळून. साहेबांना कळू नये म्हणून मराठीत, हलक्या आवाजात त्याने विचारलं, “नंद्या, सुई वेगळंच सांगतेय. काळी खाली सोडली होतीस ना?”

किती सोपं होतं. “दादा, थांब, चूक झाली,” एवढे शब्द. पण माझ्या डोळ्यांपुढे जेवणाची पंगत आली. पाहुणे, वरणभात, आणि बाबा: “ह्याला काळी खाली सोड सांगितलं, तर ह्याने काय केलं माहितीये?” शिक्षाला जोड मिळाली असती, आणि ह्या वेळी तो विनोद जन्मभर टिकला असता. शिवाय मागे साहेब. मी म्हटलं, “हो दादा. खालीच सोडली होती.”

एकही शब्द खोटा नव्हता. तेच मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. पण उत्तर देताना मला ठाऊक होतं की तो कुठल्या भाषेत ऐकतोय.

“क्या खुसुर-फुसुर चल रही है?” साहेब म्हणाले. “सुई को छोड़ो, कम्प्यूटर देखो. इतना पैसा काहे को लगाया है? काट!” सुहासचा हात नॉबवर गेला. क्षणभर थांबला. मी पडद्याकडे बघत राहिलो. त्याने नॉब फिरवला. आकडा पुन्हा पंधरावर आला, साहेब “शाबाश!” म्हणाले. समालखा गाव ओलांडून एका ट्रकला मागे टाकायला सुहासने पाय दाबला, आणि बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मग एक खणखणीत ठोका, मागे निळा धूर, आणि गाडी ट्रकच्या शेजारी रस्त्याच्या मधोमध मेली.

त्यानंतरची काही मिनिटं मला आजही स्वप्नात दिसतात. ट्रक निघून गेला. मागून दुसऱ्याचा हॉर्न येत होता, दिसत काहीच नव्हतं, आवाज फक्त मोठा होत होता. “बाहेर! बाहेर पडा!” सुहास ओरडला. साहेबांची शाल दारात अडकली, त्याने ती ओढून त्यांना कडेच्या मातीत ढकललं. मग परत येऊन गाडीला खांदा लावला. मी दुसऱ्या बाजूने. “जोर लाव, नंद्या, जोर!” गाडी मातीत उतरली आणि तो ट्रक आमच्या पाठीला वारा देऊन गेला. हॉर्न पार पानिपतच्या दिशेने जाईपर्यंत ऐकू येत होता. पानिपत आम्ही पाहिलंच नाही.

कारखान्यात इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेलं होतं, मेण वितळावं तसं. साहेबांनी तो पिस्टन सगळ्यांसमोर हातात धरला आणि विचारलं, “वायरिंग किसने की थी?” सुहास म्हणाला, “मैंने.” घराच्या गल्लीत बाहेरच्या माणसाला हात लावू दिला असं तो सांगणार नव्हता. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने डबा नंतर तपासलाही नाही. साहेबांनी गेज, लॅपटॉप, तारा सगळं त्याच दिवशी उपसून कपाटात टाकायला लावलं होतं. त्याला वाटलं, आपलंच गणित चुकलं, आपल्यालाच सुई वाचता आली नाही. आठवड्याच्या आत त्याने ट्रंक भरली. आई त्याच्यासाठी मटार उसळ करत होती आणि डोळे पुसत होती. बाबा मला म्हणाले, “मुलगा हुशार, पण घाईचा.” मग स्टेशनवरून परतताना पहिल्यांदा म्हणाले, “सुहासचं पानिपत झालं शेवटी.” मी हसलो. सुटल्यासारखं हसलो. त्या दिवसापासून आमच्याकडे पाहुण्यांना सांगायला नवी गोष्ट मिळाली आणि ‘शिक्षा’ बंद झाली.

सुहासने पुण्यात विम्याच्या कचेरीत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाला. इंजिनाला त्याने पुन्हा हात लावला नाही. स्कूटरचा प्लग साफ करायलाही तो मेकॅनिककडे जायचा. लोक त्याचंही हसू करायचे. मला मात्र एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरी लागली, नोएडात घर झालं, मुलं झाली.

गेल्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा त्याच्याकडे उतरलो. गॅलरीत दोघे बसलो होतो. त्याची नात आतून कुणाला तरी फोनवर म्हणत होती, “अगं, माझं तर सुहासचं पानिपत झालं पेपरात,” आणि तो, स्वतः सुहास, हसला. मला ते हसणं बघवलं नाही. मी सांगून टाकलं. शनिवार, फोन, काळी तार, टेप, धुकं, डिपर, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. एकदाही थांबलो नाही.

आधी तो ‘खाली’वर हसला. “अरे गाढवा! खाली म्हणजे खाली!” मांडीवर थाप मारून हसला. मग हळूहळू थांबला. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो माझ्याकडे वळला.

“म्हणजे लॅपटॉप पहिल्यापासून कमी दाखवत होता?”

“हो.”

“त्या रविवारीही?”

“हो, दादा.”

“मग माझा पहिला जेट, कागदावर काढलेला…” त्याचा आवाज एकदम तरुण झाला. “तो बरोबर होता?”

“बरोबर होता. सुई पंधराच्या जवळच असणार. मी नंतर कितीदा हिशेब केलाय.”

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. मला वाटलं उठतोय, पण तो उठला नाही. आत वळून त्याने हाक मारली, “अगं, ऐकलंस का? जरा बाहेर ये. माझं गणित बरोबर होतं.”

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. “कुठलं गणित?”

सुहासने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, पण सुटकाही नव्हती. “तूच सांग,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांग. आणि मी फोनला गेलो होतो, तेही सांग.”

वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्या माझ्यासमोर बसल्या.